सामाईक भूमी आणि मुक्या जीवाचा देह

लीळाचरित्रातील सशाची लीळा पंथीय वाचकांना ठाऊक आहे. पारध्यांची कुत्री पाठीस लागलेला ससा धावत येतो आणि वृक्षातळी आसनस्थ असलेल्या सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या जानूखाली शिरतो. मागोमाग पारधी येतात व ससा मागतात. श्रीगोसावी तो देत नाहीत. शरण आलेला जीव देता येत नाही, हे ते पारध्यांना समजावून सांगतात आणि पारधी रिकाम्या हातांनी परततात. या लीळेचे निरूपण करताना शरणागताचे रक्षण हाच भाग सामान्यतः विस्ताराने सांगितला जातो, व ते योग्यच आहे. परंतु लीळा तेथे संपत नाही. भय टळल्यावर श्रीगोसावी जानू उचलतात, त्या मुक्या जीवाला महात्मा म्हणून संबोधतात आणि जावयास सांगतात. ज्याला राखले त्याला जवळ ठेवून घेतले नाही. दयेचे हे दुसरे अंग निरूपणात फारसे येत नाही. एका अलीकडच्या प्रश्नाचा विचार करताना मात्र त्याचेच स्मरण होते.

प्रश्न नगरवासी गृहस्थांचा आहे. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या सदनिकेत राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाने कुत्रा पाळलेला असतो. बारा-तेरा वर्षे तो घरात वावरतो. मूल आणि तो जणू एकत्रच वाढतात. एके रात्री तो मरतो. घराला अंगण नाही, परसू नाही, गावाकडचे शेत वाटणीत गेलेले. ज्या मातीशी त्या प्राण्याचा नित्य संबंध होता ती एकच, चौकापलीकडील सार्वजनिक उद्यानाची. तेथे तो रोज सकाळी हिंडला, तेथे मुलाने त्याच्याशी चेंडू खेळला. म्हणून उजाडण्यापूर्वी घरातील कर्ता पुरुष जुन्या चादरीत गुंडाळलेला तो देह उचलतो, एक कुदळ मिळवतो आणि उद्यानाच्या कोपऱ्यातील गुलमोहराखाली खड्डा खणू लागतो. यात दोष आहे काय? असल्यास तो कोणता?

या प्रश्नास दोन उत्तरे तत्काळ मिळतात आणि दोन्ही अपुरी आहेत.

पहिले उत्तर वैराग्याच्या भाषेत येते. देह हा प्रपंच होय, पंचभूतांचा मेळ होय. जीव आपल्या कर्मानुसार पुढे गेला. मागे राहिले ते कलेवर. त्यासाठी एवढा खटाटोप हा निव्वळ मोह. नगरपालिकेच्या गाडीत टाकावे आणि मोकळे व्हावे. सिद्धान्त म्हणून यातील एकही वाक्य खोटे नाही. तरीही हे सांगणाऱ्याच्या स्वरात पुष्कळदा ज्ञानापेक्षा कंटाळा अधिक असतो. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न जाणणे ही ज्ञानाची गोष्ट झाली. रडणाऱ्या मुलाच्या देखत त्याच्या सोबत्याचा देह कचऱ्यात भिरकावणे ही ज्ञानाची खूण नव्हे. कठोरपणाला शास्त्राचा आडोसा देण्याची सवय विद्वानांना लवकर जडते. शिवाय, त्या प्राण्याने जे सोसले आणि दिले ते जीवानेच सोसले, जीवानेच दिले. योनी भिन्न असली, ज्ञानाची योग्यता मनुष्यदेहातच असली, तरी जीव म्हणून तो आणि घरधनी यांत भेद नाही. सशाला महात्मा म्हणून संबोधण्यात हेच सुचविलेले नाही काय?

दुसरे उत्तर भावनेचे आहे. एका कोपऱ्यात दोन हात जमीन खणली तर कोणाचे काय बिघडले? माती सर्वांची, मातीतून आले ते मातीत गेले. हे उत्तर ऐकायला गोड आहे, परंतु त्याची परीक्षा करावयाची तर एखादे प्रत्यक्ष उदाहरण समोर घेतलेले बरे. असे उदाहरण लंडनमध्ये घडून गेले आहे.

लंडनच्या मध्यवस्तीत हाइड पार्क नावाचे विस्तीर्ण सार्वजनिक उद्यान आहे. त्याच्या उत्तरेकडील व्हिक्टोरिया गेट या द्वाराशी द्वारपालाचे छोटे घर होते आणि विनब्रिज नावाचा गृहस्थ त्या जागी नेमलेला होता. एका कुटुंबातील मुले आपल्या चेरी नावाच्या लहानशा पांढऱ्या कुत्र्यासह नित्य उद्यानात येत. द्वारपालाशी त्यांचा परिचय झाला, स्नेह जडला. इ. स. १८८१ मध्ये चेरी वार्धक्याने मेला. मुलांना तो आवडत्या उद्यानातच राहावा असे वाटले. त्यांच्या वडील माणसांनी द्वारपालास विचारले, आणि त्याने आपल्या घरामागील बागेचा तुकडा त्यासाठी दिला. पुढच्याच वर्षी दुसरा कुत्रा आला. तो होता केंब्रिजच्या ड्यूकच्या पत्नीचा. गाडीच्या चाकाखाली सापडून मेलेला. हे ड्यूक महाशय इंग्लंडच्या राजघराण्यातील तर होतेच, शिवाय त्या उद्यानाचे प्रमुख रक्षकपदही त्यांच्याकडेच होते. त्यानंतर वार्ता पसरली. प्रतिष्ठित घराण्यांची कुत्री येऊ लागली, काही मांजरे आली, पक्षीही आले. द्वारपालच बहुधा खड्डा खणी आणि देह कापडी थैलीत शिवून मातीत ठेवी. कित्येक धनी तर दुःखातिरेकाने तेथे उपस्थितही राहत नसत. वीतभर उंचीचे पांढरे दगड रांगेने उभे राहिले. १९०३ च्या सुमारास ते बंद करावे लागले, तेव्हा तेथे तीनशेहून अधिक प्राणी पुरलेले होते. दगड आजही उभे आहेत; ती जागा मात्र कुंपणाआड असून एरवी बंद असते व विशेष व्यवस्थेनेच पाहावयास मिळते.

या वृत्तान्तात आरंभी दोष दिसत नाही. मुलांनी चोरून काही केले नाही. त्यांनी विचारले आणि ज्याच्या ताब्यात ती बाग होती त्याने आपल्या वाट्याच्या जागेतून दिले. जेथे लोक हिंडतात, खेळतात त्या हिरवळीत कोणी खणले नाही. परंतु एकाला दिलेले दुसऱ्याला नाकारता येत नाही, आणि दुसरा जर उद्यानाच्या अधिपतीच्याच घरचा असेल तर नाकारण्याचा प्रश्नच उरत नाही. तिसऱ्यापासून तो पायंडा होतो. वीस-बावीस वर्षांत तो तुकडा भरून गेला. लंडनमध्ये त्या काळात मेलेल्या कुत्र्यामांजरांची गणती कोण करणार? त्यांपैकी ज्यांच्या धन्यांची त्या द्वाराशी ओळख होती त्यांना माती मिळाली. उरलेल्यांची वासलात नेहमीप्रमाणेच लागली असणार.

सामाईक भूमीचे स्वरूप येथे स्पष्ट होते. सर्वांची म्हणजे कोणाचीच नव्हे, असा अर्थ लोक सहज करतात. खरा अर्थ उलट आहे. खासगी शेतात एकाची संमती पुरते; सामाईक भूमीत प्रत्येकाची हवी, कारण प्रत्येकाचा तीवर सारखा अधिकार आहे. ज्याने गुलमोहराखाली खणले त्याने उद्या तेथे बसू इच्छिणाऱ्या वृद्धाला, खेळू इच्छिणाऱ्या बालकाला, झाड लावू इच्छिणाऱ्या माळ्याला विचारलेले नाही. तो उजाडण्यापूर्वी गेला, यातच त्याच्या अंतःकरणाची साक्ष आहे. जे करण्यात काही वावगे नाही असे मनापासून वाटते ते करण्यासाठी अंधार शोधावा लागत नाही.

यावर एक आक्षेप येतो व तो बळकट आहे. ज्याचा बंगला आहे तो आपल्या कुत्र्याला आपल्या बागेत पुरतो, वर जाईचा वेल चढवतो, आणि त्याला कोणी मोहग्रस्त म्हणत नाही. सदनिकेत राहणाऱ्याने तेच करू पाहिले की त्याला नागरिकशास्त्र ऐकवले जाते. शहरात मातीच काहींच्या वाट्याला आली आणि काहींच्या नाही. मग ज्यांच्या वाट्याला नाही त्यांनी प्रेम तरी कोठे पुरावे? या आक्षेपास थातुरमातुर उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे होईल. विषमता खरी आहे. परंतु गुपचूप खणलेल्या खड्ड्याने ती मिटत नाही. एका सदनिकेतील माणूस दुसऱ्या शेकडो सदनिकांतील माणसांच्या अंगणातून आपला वाटा काढून घेतो, एवढेच घडते. कारण ज्यांना अंगण नाही त्यांचे अंगण म्हणजेच ते उद्यान होय. बंगलेवाल्याचे यात काहीच जात नाही. ज्यांची गरज समान आहे त्यांनी सोय समान मागावी हा न्याय झाला. त्या मागणीकडे पुढे वळावयाचेच आहे.

तत्पूर्वी हातांचा विचार केला पाहिजे. लंडनमधील धनी घरी शोक करीत राहिले आणि द्वारपालाने खड्डे खणले. त्याने ते प्रेमाने केले असेल. तथापि दुःख एकाचे आणि श्रम दुसऱ्याचे अशी वाटणी झाली हे खरे. आपल्या गावगाड्यात तर या वाटणीने अत्यंत क्रूर रूप घेतले होते. पोळ्याला ज्या बैलाच्या शिंगांना बेगड लावली, ज्याच्या मुखी पुरणपोळीचा घास दिला, तो मरताच अस्पृश्य झाला. त्याच्यासाठी डोळ्यांतून पाणी काढणारा धनी त्याच्या पायाला दोर बांधण्यास मात्र तयार नसे. ते काम जन्माने ठरवून दिलेल्या माणसांनी करावे आणि तेच केल्याबद्दल त्यांना हीन लेखावे, अशी रीत होती. १९२७ साली महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना मृत मांस व त्याभोवतीच्या या लाजिरवाण्या रूढी टाकून देण्याचे जे आवाहन केले, त्यामागे शतकांचा हा अपमान होता. जातिभेद न मानणाऱ्या सर्वज्ञांच्या अनुयायांनी तरी हे विसरू नये. उद्यानात उथळ पुरलेला देह पावसाळ्यात वर आला, किंवा भटक्या कुत्र्यांनी उकरला, तर तो उचलण्याचे काम पुन्हा कोणाच्या माथी येते? उद्यानाच्या झाडूवाल्याच्या. ज्याने तो प्राणी कधी कुरवाळला नाही, त्याच्या हातावर ही दुर्गंधी ठेवून प्रेमाचे ऋण कसे फिटणार?

उथळ हा शब्द येथे जाणूनबुजून योजला आहे. पहाटेच्या घाईत, उद्यानाच्या तुडवलेल्या मुरमात खणलेला खड्डा हात-दीड हातापलीकडे जात नाही. जमिनीखाली पाण्याच्या नळ्या असतात, विजेच्या तारा असतात, झाडांची मुळे असतात. शिवाय देहात काय आहे हे पुरणाऱ्यास ठाऊक नसते. मरणासन्न प्राण्याच्या यातना संपविण्यासाठी पशुवैद्य अनेक देशांत पेंटोबार्बिटल नावाचे औषध टोचतात. ते देहात आणि मातीत दीर्घकाळ टिकते, व असा देह उकरून खाणारे पक्षी आणि कुत्री त्यामुळे मरतात हे वारंवार दिसून आले आहे. आपल्या देशातील गिधाडांची गोष्ट तर सर्वांना माहीत असावी. गुरांच्या सांधेदुखीवर आणि सुजेवर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसात शिल्लक राहिले, ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि त्यांच्या काही जाती शेकडा पंचाण्णवांहून अधिक घटल्या. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधाचा वापर भारतात बंद करण्यात आला तेव्हा पुष्कळ उशीर झालेला होता. कोणा शेतकऱ्याच्या मनात गिधाडे मारण्याचा विचारही नव्हता. गाईची वेदना शमावी म्हणून केलेली दया तिच्या मृत देहाच्या वाटेने दुसऱ्या जीवांची हिंसा झाली. अहिंसेचा विचार करताना केवळ हेतू पाहून थांबता येत नाही, जिवंत जीव आणि मृत देह यांत जिवंताचा अधिकार आधी येतो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

आता दगडाचा प्रश्न. पुरल्यावर मन थांबत नाही. खूण हवीशी वाटते. इंग्लंडमधील चार प्राणी-दफनभूमींतील हजाराहून अधिक दगडांचा अभ्यास २०२० साली 'अँटिक्विटी' या पुरातत्त्वविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांत हाइड पार्कमधील दगडही होते. त्यात एक सूक्ष्म गोष्ट आढळते. जुन्या दगडांवर प्राण्याच्या पुनर्भेटीची आशा लिहिणारे लोक थोडे, आणि तेही चाचरत लिहितात; कारण पशूला आत्मा नाही अशी त्यांच्या धर्मपीठांची प्रचलित शिकवण. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ही आशा अधिक निःसंकोच होते, कुत्र्याच्या नावापुढे घराण्याचे आडनावही येऊ लागते. आपल्याकडे पशूला जीव आहे की नाही ही शंकाच नाही. त्यामुळे त्या इंग्रज मातेला दगडावर जे लिहिण्याचे धैर्य झाले नाही, ते येथील लहान मूलही सहज मानते. परंतु तो जीव त्या दगडाखाली नाही, हेही त्याच सिद्धान्तातून निघते. मग दगड कोणासाठी?

येथे पंथीय वाचक थबकेल, आणि थबकावेच. स्थानपोथीत ज्यांची नोंद आहे त्या स्थानांना आपण वंदन करतो. ऋद्धपुरास जाऊन ओट्यावर मस्तक ठेवतो. स्थानाशी स्मरण जोडलेले असते हे आपणच मानतो, तर मुलाच्या त्या दगडाला नावे का ठेवावीत? उत्तर असे की स्थानाचे माहात्म्य परमेश्वराच्या संबंधाने आहे, आणि म्हणून ते येणाऱ्या प्रत्येक जीवाचे आहे. तेथे कोणाचे आडनाव कोरलेले नाही. उद्यानातील खासगी दगड याच्या उलट वागतो. तो येणाऱ्यास सांगतो की येथे माझे काही आहे, येथे जपून पाऊल टाक. एकाचे स्मरण दुसऱ्यावर बंधन होते, आणि पुढे कलहही होतो. रायगडावरील वाघ्या कुत्र्याचे स्मारक १९३६ मध्ये उभारले गेले. त्याच्या ऐतिहासिकतेविषयी वाद झाले, २०१२ साली पुतळा उखडून टाकण्यात आला, पुन्हा बसविण्यात आला, आणि २०२५ मध्ये तो हटविण्याची मागणी पुन्हा झाली. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. मुक्या प्राण्याच्या निष्ठेची आठवण म्हणून उभी केलेली वस्तूसुद्धा सर्वांच्या जागेत आली की माणसांच्या अभिमानाचा विषय होते, एवढेच लक्षात घ्यावे. सर्वज्ञांनी आपल्या भिक्षूंना नित्य अटन सांगितले, एका ठायी ममत्व जडू नये म्हणून वृक्षातळीचे अनोळखी वास्तव्य सांगितले. गृहस्थाला अटन शक्य नाही. परंतु जी जागा आपली नाही तीवर नवे ममत्व रोवू नये, इतके तर त्यालाही शक्य आहे.

मग त्या कुटुंबाने काय करावे? जगात या गरजेची सोय लोकांनी निरनिराळ्या रीतींनी केली आहे. फ्रान्समध्ये १८९८ च्या कायद्याने मेलेली जनावरे वस्तीपासून शंभर मीटर दूर आणि वर किमान एक मीटर मातीचा थर देऊन पुरणे बंधनकारक झाले. त्यापूर्वी पॅरिसमध्ये ती कचऱ्यात किंवा सेन नदीत जात. पुढच्याच वर्षी पॅरिसलगतच्या आनियेर येथे प्राण्यांसाठी स्वतंत्र दफनभूमी झाली. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ हार्ट्सडेल येथे १८९६ मध्ये एका पशुवैद्याने, एका स्त्रीला आपल्या कुत्र्यास पुरण्यास जागा मिळेना म्हणून, स्वतःच्या सफरचंदाच्या बागेतील जागा दिली. तेथेच पुढे मोठी दफनभूमी वाढली. हाइड पार्कचा द्वारपाल आणि हा वैद्य, दोघेही दयाळू होते. परंतु वैद्याने आपले दिले, म्हणून त्याची दया वाढत गेली तरी कोणाला जाचली नाही. मुंबई महानगरपालिकेने २०२३ मध्ये मालाड येथे लहान प्राण्यांसाठी दहनाची सोय सुरू केली. अशी सोय जेथे नाही तेथे नागरिकांनी ती नगरपालिकेकडे उघडपणे, दिवसाउजेडी मागावी. कुदळ हाती घेण्याला जेवढे धैर्य लागते त्याहून अर्जाला फार लागत नाही. आणि तोवर एखाद्या आप्ताच्या शेताचा बांध असतो. आप्तास विचारावे, विहिरीपासून दूर पाहावे, कमरेएवढे खोल खणावे, आणि ते स्वतःच्या हातांनी खणावे.

आपल्या पंथात मनुष्यदेहही भूमीलाच देण्याची रीत आहे, त्यामुळे मातीचे भय मुलाला घालण्याचे कारण नाही. त्याला सोबत न्यावे. मूठभर माती त्यालाही टाकू द्यावी. रडला तर रडू द्यावे. परतताना तो विचारील की आता तो कोठे आहे. तेव्हा वडील माणसाने सशाची लीळा सांगावी, आणि जानू उचलून त्या जीवाला जावयास सांगितले तो भाग गाळू नये.